कोष्ठ : एका पहाडी मुळीचा इतिहास



आमच्या वडनेरच्या अंगावरून हिंगणघाटकडून येणारा आणि पुढे हैदराबादकडे जाणारा जो मोठा रस्ता आहे, त्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणत. २०१० साली देशातील महामार्गांचे क्रमांक बदलले, तेव्हापासून तो क्रमांक ४४ झाला. या रस्त्याचे एक टोक कन्याकुमारीस आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते. पण त्याचे दुसरे टोक थेट काश्मीरमध्ये, श्रीनगरला आहे, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलांना खरे वाटत नाही. ज्या रस्त्याच्या कडेला आपण एस.टी.ची वाट पाहतो, तोच रस्ता बर्फाच्या डोंगरापर्यंत जातो. आज मी आपणांस ज्या वस्तूची हकीगत सांगणार आहे, ती त्या डोंगरातलीच आहे. आणि ती आपल्या घरात फार पूर्वीपासून आहे.

दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने एक वाळलेली मुळी शाळेत आणली. बोटाएवढी जाड, मातकट तपकिरी, वरून सुरकुतलेली. नाकाशी धरली की उग्र आणि तरीही गोडसर वास. तो म्हणाला, "सर, दादी याले कुस्त म्हणते. डब्यात ठेवते. हे पिकते कुठं?" मी इतिहास शिकवतो. मुळीचे नाव मला ठाऊक होते. माझ्या आजीच्या डब्यातही ती होती. हिंगणघाटच्या काष्ठौषधीच्या दुकानात 'कोष्ठ' म्हणून मागितली तर मिळते, हेही ठाऊक होते. पण ती पिकते कुठे, याचे उत्तर मला देता आले नाही. "उद्या सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

तो 'उद्या' बरेच दिवस चालला. कारण शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा विचारलेला नाही. रोम, बगदाद, अहमदनगर, गोवा अशा ठिकाणच्या थोर विद्वानांपुढेही तो उभा होता. आणि त्यांपैकी बहुतेकांना त्याचे उत्तर सापडले नव्हते.

ही वनस्पती कोणती?

प्रथम वनस्पतीची ओळख करून घेऊ. संस्कृतमध्ये तिला कुष्ठ म्हणतात, हिंदीत आणि काश्मीरकडे कुठ, गुजरातीत उपलेट, मराठीत कोष्ठ किंवा उपलेट, आणि अरबी-फारसीत कुस्त. 'कुष्ठ' हा शब्द वाचून कोणी दचकू नये. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूर येथे सुरू केलेल्या सेवाकार्यामुळे आपल्या जिल्ह्याला तो शब्द रोगाचे नाव म्हणून परिचित आहे. रोगाचे नाव आणि वनस्पतीचे नाव एक असले तरी वस्तू वेगळ्या आहेत.

हिमालयात सुमारे अडीच ते साडेतीन हजार मीटर उंचीवर, ओलसर आणि थंड उतारांवर हे झाड आपोआप उगवते. विदर्भातले आपले चिखलदरा जेमतेम अकराशे मीटर उंच आहे, यावरून त्या उंचीची कल्पना यावी. काश्मीरमधील किशनगंगेचे खोरे आणि चिनाबच्या वरच्या अंगाचा प्रदेश ही त्याची मुख्य घरे. याला झाड म्हणायचे ते केवळ बोलण्यापुरते. खरे तर ही बहुवर्षायू रानटी वनस्पती आहे. हिवाळ्यात वरचा भाग वाळून बर्फाखाली जातो, मुळी जमिनीत जिवंत राहते आणि बर्फ वितळला की पुन्हा कोंब फुटतो. एक ते दोन मीटर उंची, तळाशी मोठमोठी पाने, आणि शेंड्याला निळसर-जांभळ्या काळपट फुलांचे काटेरी गेंद.

आपल्या शेतकरी पालकांना एक गोष्ट ऐकून गंमत वाटेल. आपण धुऱ्याला जी करडी पेरतो, तिचे आणि या कोष्ठाचे कुळ एकच. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या, आणि त्या कुळातही एकाच काटेरी पोटजातीतल्या. एक काळ्या मातीत, उन्हात वाढली; दुसरी बर्फाच्या पाण्यावर. वनस्पतिशास्त्रात कोष्ठाचे प्रचलित नाव 'सॉस्युरिया कॉस्टस' असे आहे. यातील 'कॉस्टस' हा शब्द आपल्या 'कुष्ठ' शब्दाचाच लांबचा नातलग आहे. तो परदेशी कसा गेला, तेच आता पाहू.

ज्यांना डोंगर ठाऊक होता

कोष्ठाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख अथर्ववेदात आहे. ज्वर उतरविणारी वनस्पती म्हणून तिला उद्देशून स्वतंत्र सूक्ते आहेत. त्यांचा आशय पाहिला तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. ही वनस्पती हिमालयाच्या बर्फाच्या डोंगरात जन्मते आणि तेथून खाली, पूर्वेकडच्या लोकांकडे नेली जाते, असे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे तिची जन्मभूमी आणि तिचा व्यापार या दोन्हींची जाणीव त्या काळी होती. पुढे चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांतही कुष्ठाला स्थान मिळाले. आजही वैद्य लोक सूज व त्वचेच्या विकारांवर जो 'दशांग लेप' वापरतात, त्याच्या दहा अंगांपैकी एक अंग कोष्ठ आहे.

वाचकहो, हा मुद्दा लक्षात ठेवावा. सर्वांत जुन्या लेखाला जे बरोबर ठाऊक होते, ते पुढच्या हजारो वर्षांत विसरले गेले. ते कसे, हेच या हकीगतीचे सार आहे.

बाजार नाव देतो

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा एक ग्रीक शिलालेख आहे. सिकंदराच्या मागून पश्चिम आशियात राज्य करणाऱ्या सेल्युकस राजाने दिडिमा येथील अपोलोच्या मंदिराला पाठविलेल्या देणगीची यादी त्यात कोरलेली आहे. ऊद, बोळ, दालचिनी यांच्याबरोबर तिथे 'कॉस्टस' आहे. म्हणजे तेवीसशे वर्षांपूर्वी ही मुळी आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पोहोचली होती आणि राजाने देवाला अर्पण करावी इतकी मोलाची मानली जात होती.

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्याच्या पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात. मराठी वाचकाला हे पुस्तक जवळचे वाटते, कारण त्यात पैठण आहे, तेर आहे, कल्याण आणि सोपारा आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर, असे अंतरही दिले आहे. त्याच पुस्तकात भडोच बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात कोष्ठ येते. हा माल वायव्येकडील पुष्कलावती, म्हणजे आजच्या पेशावरच्या बाजूने उज्जैनमार्गे भडोचला उतरत असे. सिंधूच्या मुखावरील बंदरातूनही तो जहाजांत चढे.

आता पाहा, काय झाले ते. माल जहाजात चढला, पण डोंगर मागे राहिला. त्याच शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी कोष्ठाचा संबंध सिंधूच्या मुखावरील पाताल बेटाशी जोडतो. बर्फाच्या डोंगरातली मुळी त्याच्या लेखी खाडीतल्या बेटावरची झाली! डायोस्कोरिडीस नावाच्या नामांकित ग्रीक वैद्याने तर कोष्ठाच्या तीन जाती सांगितल्या. अरबी कोष्ठ सर्वांत चांगले, पांढरे व हलके. त्याखालोखाल हिंदी, ते काळे. आणि तिसरे सीरियाचे. वास्तविक अरबस्तानच्या वाळवंटात हे झाड उगवणे शक्यच नाही. पण ज्या व्यापाऱ्याकडून माल घेतला, त्याच्या मुलखाचे नाव मालाला चिकटले.

यात हसण्यासारखे काही नाही. एकोणिसाव्या शतकात कापसाच्या व्यापारात आपल्या हिंगणघाटचे नाव एका उत्तम जातीच्या कापसाला पडले होते. तो कापूस काही हिंगणघाटच्या बाजारपेठेत उगवत नव्हता. तो भोवतालच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी पिकविलेला होता. परंतु विलायतेच्या गिरणीवाल्याला खेड्यांची नावे कशाला हवीत? त्याला बाजाराचे नाव पुरे. पिकविणाऱ्याचे नाव खेड्यात राहते आणि विकणाऱ्याचे नाव जगभर फिरते, हा व्यापाराचा जुना नियम आहे.

अरब विद्वानांची कामगिरी

अरबस्तानात या मुळीला 'कुस्त' म्हणत. 'ऊद-ए-हिंदी' आणि 'कुस्त-ए-बहरी' ही नावेही आढळतात. सहीह बुखारीतील औषधोपचाराच्या प्रकरणात तिचा उल्लेख आहे, त्यामुळे आपल्या घरांत तिला एक वेगळा मान आहे, हे आपण जाणताच. 'बहरी' म्हणजे समुद्राचे. समुद्रमार्गे येणारे म्हणून बहरी, असा अर्थ जाणकार लावतात. ज्या मुळीला समुद्राचा वाराही कधी लागलेला नसतो, तिचे नाव समुद्रावरून पडले! इथेही नाव वाटेवरून आले, जन्मस्थानावरून नव्हे.

नवव्या शतकात बगदादमध्ये डायोस्कोरिडीसच्या ग्रंथाचे अरबी भाषांतर झाले. इस्तिफान इब्न बासिल आणि हुनैन इब्न इसहाक या विद्वानांनी ते काम केले. हे दोघेही ख्रिस्ती होते, राज्य मुसलमान खलिफांचे होते, ग्रंथ ग्रीकांचा होता आणि त्यात वर्णन केलेली मुळी हिंदुस्थानची होती. विद्येच्या पंगतीत कोणी कोणाची जात विचारत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला देता येणार नाही.

परंतु या विद्वानांचे थोरपण केवळ भाषांतरात नाही. अकराव्या शतकात अल-बिरूनीने औषधी द्रव्यांचा जो मोठा ग्रंथ रचला, त्यात एकेका द्रव्याची अरबी, ग्रीक, सुरियानी, फारसी आणि हिंदी अशी नावे त्याने शेजारी शेजारी मांडली. हा खटाटोप कशासाठी? कारण एका भाषेतील नाव दुसऱ्या भाषेतील भलत्याच वस्तूला लागले, तर रोग्याच्या जिवाशी खेळ होतो, हे त्याने ओळखले होते. त्यानंतर स्पेनमधील मलागा येथे जन्मलेला इब्न अल-बैतार हा वनस्पतिज्ञ उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने वनस्पती पाहत पाहत शामपर्यंत गेला आणि १२४८ साली दमास्कस येथे मरण पावला. त्याच्या कोशात सुमारे चौदाशे द्रव्ये आहेत. जुन्या ग्रंथांत लिहिले आहे एवढ्यावर न थांबता स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, ही त्याची शिस्त होती. काश्मीरच्या डोंगरापर्यंत मात्र या वाटेवरून कोणी पोहोचले नाही.

अहमदनगरचा दरबार आणि गोव्याचे पुस्तक

आता आपण आपल्या मुलखात येऊ. १५३४ साली गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यास आला. निजामशाहीचा सुलतान बुऱ्हाण निजामशाह याच्या अहमदनगरच्या दरबारातही तो वैद्य म्हणून जात असे. तेथील मुसलमान हकिमांशी त्याच्या चर्चा होत. इब्न सीनाचा ग्रंथ त्यांनी अरबीतून वाचलेला, ओर्ताने तो लॅटिनमधून वाचलेला; त्यामुळे बोलणे जुळत असे. मुंबई बेटही पोर्तुगीजांकडून ओर्ताकडे पट्ट्याने होते. १५६३ साली गोव्यात त्याचे हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवरील पोर्तुगीज पुस्तक छापले गेले. ते सारे संवादरूप आहे. एक पात्र स्वतः ओर्ता आणि दुसरे युरोपातून नुकताच आलेला, जुन्या ग्रंथांवर पूर्ण भरवसा ठेवणारा रुआनो. त्यातील सतरावा संवाद कोष्ठावर आहे.

विद्यार्थी मित्रांनो, त्या संवादातील ओर्ताची रीत पाहण्यासारखी आहे. जुन्या ग्रंथांत कोष्ठाच्या तीन जाती आहेत, मग बाजारात एकच का दिसते, हा त्याचा प्रश्न. त्याने अरब, इराणी, तुर्क व्यापाऱ्यांना व हकिमांना विचारले की तुमच्या देशात दुसरे कोष्ठ होते काय? त्यांनी सांगितले की आम्ही नेतो ते इथूनच. मग त्याने निर्णय दिला: कोष्ठ एकच, आणि ते हिंदुस्थानचे. अरबी आणि सीरियाचे म्हणतात ते केवळ वाटेमुळे. अरबीत कोष्ठाला काय म्हणतात, गुजरातेत 'उपलोट' आणि मलायात 'पुचो' कसे म्हणतात, हेही त्याने नोंदविले. दीड हजार वर्षांची गैरसमजूत एका माणसाने केवळ चार जणांना विचारून दूर केली.

पण अर्धीच. माल येतो कोठून, असे विचारल्यावर त्याला मांडू आणि चितोडच्या बाजूचा प्रदेश सांगितला गेला. कारण गुजरातच्या बंदरांकडे येणाऱ्या गाड्या त्या अंगाने येत असत. त्या गाड्यांच्या मागे जाऊन आणखी उत्तरेला पाहणे त्याला शक्य झाले नाही. झाडाचे वर्णनही त्याला बरोबर साधले नाही. विचारणे हे ज्ञानाचे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे काम पायांनी करावे लागते.

या ओर्ताचा शेवट मात्र खेदजनक आहे. तो ज्यू घराण्यातून ख्रिस्ती झालेल्यांपैकी होता. १५६८ साली तो गोव्यात वारला. पुढच्याच वर्षी धर्मन्यायसभेने त्याच्या बहिणीला जाळण्याची शिक्षा दिली, आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे थडग्यातून काढून जाळण्यात आली. ज्याच्या पुस्तकाचे लॅटिन रूपांतर तोवर युरोपभर वाचले जात होते, त्याला आपल्या गावात थडगेही राहिले नाही.

डोंगरापर्यंतची पावले

१७५३ साली स्वीडनचा थोर वनस्पतिज्ञ लिनियस याने जगातील वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली. त्यात 'कॉस्टस' हे जुने प्रसिद्ध नाव त्याने आल्या-हळदीसारख्या दिसणाऱ्या भलत्याच वनस्पतींना देऊन टाकले. आपल्या कोकणात आणि सह्याद्रीच्या ओलसर रानात पावसाळ्यात पांढऱ्या फुलांचे 'पेव' उगवते, तेही त्यामुळे पुढे 'कॉस्टस' या नावाखाली गेले. आजही एखादा विद्यार्थी केवळ नावावरून शोधू लागला, तर कोष्ठाऐवजी पेवाचे चित्र पाहून समाधान मानील. अल-बिरूनीला जी भीती वाटत होती, ती हीच.

एकोणिसाव्या शतकात ह्यू फाल्कनर हा सहारनपूरच्या सरकारी बागेचा अधिकारी काश्मीरात फिरला. तेथे गावकरी 'कुठ' नावाची मुळी खणून आणताना त्याने पाहिले. नाव, रूप, वास आणि व्यापाराची वाट या साऱ्यांचा मेळ घालून त्याने दाखवून दिले की प्राचीन ग्रंथांतील कॉस्टस ते हेच. हा माल कलकत्ता-मुंबईमार्गे चीनला जाई आणि तेथे धूप म्हणून जाळला जाई. काश्मीरमध्ये शालींच्या घड्यांत कसर लागू नये म्हणून ही मुळी ठेवीत. फाल्कनरने वनस्पतीला आपल्या गव्हर्नर जनरलच्या, म्हणजे लॉर्ड ऑकलंडच्या नावावरून 'ऑकलंडिया' असे नाव दिले. पुढे ते बदलले.

शोध फाल्कनरच्या नावावर लागला, आणि त्याच्या श्रमांचे श्रेय त्याला द्यावयास हवेच. परंतु वाचकहो, जरा विचार करावा. काश्मीरच्या डोंगरातील जी बाई पाठीवर पाटी घेऊन ही मुळी खणायला जात असे, तिला हा शोध कधी लागायचा राहिला होता? तिला तो तिच्या आजीकडून मिळाला होता. फक्त तिला कोणी विचारले नव्हते.

जेव्हा डोंगर रिकामा होतो

इथपर्यंतची हकीगत नावांची झाली. आता त्या वनस्पतीच्या जिवाची.

मुळी विकायची म्हणजे झाड मारायचे. कापसाचे बोंड वेचले तरी पऱ्हाटी उभी राहते. आपल्या समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथला शेतकरी हळद खणतो, पण पुढच्या वर्षासाठी बेणे राखून ठेवतो. रानातल्या कोष्ठाचे बेणे कोण राखणार? मुळी पोसायला काही वर्षे लागतात. बी पिकते भादवा-आश्विनाच्या सुमारास, आणि खणण्याचा हंगामही तोच. बी गळून पडण्यापूर्वी कुदळ चालली की त्या जागी पुढच्या पिढीचे नाव नाही. जोपर्यंत डोंगरातली जागा कोणास ठाऊक नव्हती, तोपर्यंत एका परीने ती सुरक्षित होती. मागणी वाढली, वाटा सुधारल्या, आणि खणणारे हात वाढले.

काश्मीर संस्थानाने कोष्ठाचा व्यापार आपल्या मक्त्यात घेतला होता. संवत १९७८ म्हणजे १९२१ साली त्यासाठी स्वतंत्र 'कुठ कायदा' झाला. एका रानटी मुळीसाठी राज्याने स्वतंत्र कायदा करावा, यावरून तिच्या उत्पन्नाची कल्पना येते. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिमाचलातील लाहौलच्या शेतकऱ्यांनी तिची शेतात लागवड केली आणि काही काळ त्यांना चांगले दिवस आले. परंतु चीननेही आपल्या युनान प्रांतात ती पिकवायला सुरुवात केली. भाव पडले, आणि लाहौलचा शेतकरी बटाटा व मटाराकडे वळला. भावावर जगणाऱ्या शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? आपण तर कापसाचा भाव पाहून पेरणी ठरविणारे लोक.

रानातली वनस्पती मात्र घटतच गेली. दुर्मिळ प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा 'साइटिस' नावाचा करार १९७५ साली अमलात आला, तेव्हाच कोष्ठाचे नाव त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात होते. १९८५ साली ते पहिल्या परिशिष्टात गेले. वाघ, गेंडा ज्या यादीत आहेत, तीच ही यादी. आपल्या देशाच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने ज्या सहा प्रकारच्या वनस्पतींना संरक्षण मिळाले, त्यांत कोष्ठ आहे. रानातून ती उपटणे गुन्हा आहे आणि लागवडीलाही परवाना लागतो. जगातील नष्टप्राय जातींच्या यादीत तिची नोंद 'अति संकटग्रस्त' अशी आहे.

आपल्या डब्यातली मुळी

पालक बंधू-भगिनींनो, आपण म्हणाल, मास्तरांनी काश्मीरपर्यंत नेले खरे, पण आम्ही यातून काय घ्यावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी.

पहिली गोष्ट व्यवहाराची. अस्सल माल दुर्मिळ झाला की नकली माल वाढतो. कोष्ठाच्या नावाखाली पुष्करमूळासारख्या दुसऱ्या मुळ्या विकल्या जातात. भुकटी केली की ओळख पटणे कठीण. कोष्ठाच्या तेलाने अनेकांच्या त्वचेवर तीव्र ॲलर्जी उठते. म्हणून अत्तरांच्या धंद्यातील आंतरराष्ट्रीय नियमांनी ते वापरातून काढून टाकले आहे. श्रद्धेने घेतलेली वस्तू असली, तरी ती तीच वस्तू आहे ना, आणि सांगणारा जाणकार आहे ना, हे पाहणे श्रद्धेच्या विरुद्ध नाही. लहान मुलाला, गरोदर बाईला स्वतःच्या मनाने काही देऊ नये. ताप उतरत नसेल तर डॉक्टरांकडे जावे. ज्या हकिमांचा आपण अभिमान बाळगतो, ते आधी रोग्याची नाडी पाहत आणि मग डबा उघडत.

दुसरी गोष्ट न्यायाची. लागवडीचा माल आणि रानातून चोरून खणलेला माल यांत फरक आहे. 'हे कुठून आले?' एवढा प्रश्न दुकानदाराला दहा गिऱ्हाइकांनी विचारला, तर अकराव्याच्या आधी त्यालाही तो पुढे विचारावा लागेल. आपल्या बाळगुटीतील अतिविषाची कळी त्याच हिमालयाच्या उंच उतारांवरून येते आणि तिचीही दशा याहून फार वेगळी नाही.

तिसरी गोष्ट विद्येची, आणि ती मी खास विद्यार्थ्यांसाठी सांगतो. या हकीगतीत प्लिनी आहे, डायोस्कोरिडीस आहे, लिनियस आहे. हे सारे मोठे होते, आणि कोष्ठाच्या बाबतीत हे सारे कोठे ना कोठे चुकले. त्यांच्यापाशी पुस्तके कमी नव्हती. पुस्तकातील नाव पुढच्या पुस्तकात उतरत गेले, आणि नावामागची वस्तू कोणी पाहिली नाही. ज्यांनी विचारले ते अर्ध्या वाटेवर आले. जो चालत गेला तो पोहोचला. परीक्षेसाठी उत्तरे पाठ करावी लागतात, ते मी नाकारीत नाही. मीच ती पाठ करून घेतो. पण ज्या दिवशी तुमच्या तोंडून "हे कुठं पिकते?" असा प्रश्न येतो, त्या दिवशी तुमचे खरे शिक्षण सुरू होते. आणि त्या दिवशी शिक्षकाने "मला ठाऊक नाही" असे म्हणायला लाजू नये. मी लाजलो होतो, म्हणून हे लिहितो आहे.

त्या विद्यार्थ्याला मी उत्तर दिले, तेव्हा वर्गाच्या भिंतीवर भारताचा नकाशा टांगला होता. वडनेरपासून बोट ठेवून तो रस्त्यारस्त्याने वर सरकत गेला: नागपूर, झाशी, आग्रा, दिल्ली, जम्मू, श्रीनगर. बोट थांबले तेव्हा तो म्हणाला, "सर, म्हणजे हे आपल्याच रस्त्याने आलं." सारेच कोष्ठ या रस्त्याने येते असे नाही; पण मी त्याला दुरुस्त केले नाही. ते काम त्याने स्वतः करावे.

वाचकहो, शेवटी एकच विनंती. आज घरी गेल्यावर दादीचा किंवा आजीचा डबा उघडा. त्यातील एकेक वस्तू हातात घेऊन एका कागदावर लिहा: आपल्या घरातील नाव, बाजारातील नाव, आणि ती उगवते ते ठिकाण. पहिले दोन रकाने दादी भरून देईल. तिसरा रकाना मुलांना भरू द्या, वेळ लागला तरी हरकत नाही.